काकवी भरायच्या नोझलचं भोक नेमकं करून देणारं कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं लेथ वर्कशॉप, एका सीझनचा अनुभव

आमचं कागल तालुक्यात घरचं गुऱ्हाळ आहे, आजेसासऱ्यांपासूनचं, आणि गेली चार वर्षं गुळासोबत काकवी पण बाटलीत भरून विकतोय. काकवी करणं आम्हाला नवीन नाही, काहिलीतनं १०५-१०६ डिग्रीला उतरवायची, गुळासाठी ११८ पर्यंत जायचं, हे गुळव्याला डोळे झाकून कळतं. पण ती बाटलीत भरायची म्हणजे अक्षरशः डोकेदुखी होती आणि ती या वर्कशॉपमुळे संपली म्हणून एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसलेय. मध, काकवी, तेल, शाम्पू, हँडवॉश, चॉकलेट सिरप, काहीही घट्ट भरणारे असाल तर शेवटपर्यंत वाचा, कारण मी दोन वर्षं आणि बरेच पैसे घालवून जे शिकले ते इथे आहे.

आधी आमचा सेटअप सांगते म्हणजे पुढचं कळेल. स्टीलची टाकी, खालून साधारण दीड फूट अर्धा इंची पाइप, त्याच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडून अंदाजाने बाटली भरायची. काकवी गरम असताना भरली तर धो धो यायची, बाटली ५०० ची असली तर ५२० पर्यंत जायची, आणि ७० डिग्रीच्या वर असेल तर पेटची (प्लास्टिकची) बाटली मऊ पडून आकारच बिघडायचा. थंड करून सकाळी भरली तर एका बाटलीला दोन-सव्वादोन मिनिटं. बायका हातात बाटली धरून बसून राहायच्या. जानेवारीत तर पहाटे तोटीतनं नुसती दोरी लोंबायची, पडायचीच नाही खाली. आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडायचा म्हणजे तो हँडल केसभर हलला तरी धार कुठल्या कुठे जाते, काल जिथं ठेवला होता तिथं आज परत ठेवता येत नाही, आणि भरणारा माणूस बदलला की सगळंच बदललं.

मग एका फिलिंग मशीन विकणाऱ्याकडनं (नाव लिहीत नाही) १२ एमएमचं नोझल घेतलं. फरक शून्य. त्याला फोन केला तर म्हणाला १६ चं घ्या. घेतलं. तरीही फरक जवळजवळ शून्य. पुढं म्हणाला मग पंपवालं मशीन घ्या, आणि त्याचा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो.

आमच्या दिराचा मित्र फौंड्रीत आहे, त्यानं या वर्कशॉपचं नाव सांगितलं. शिवाजी उद्यमनगरात आत गल्लीत आहे, बोर्ड छोटा आहे, दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक मिलिंग, आणि स्वतः मिस्त्री, साठीच्या पुढचे, सोबत त्यांचा पुतण्या. उद्यमनगर म्हणजे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, इंजिनाचा पार्ट असो नाहीतर उसाच्या चरकाचा रोल, इथं कुणीतरी करून देणारच. पण आमचं काम अगदीच बारीक, चार-सहा बुश (मधोमध भोक असलेले नळीसारखे छोटे तुकडे), म्हणजे खरं तर कुणालाही कंटाळवाणं. दोन ठिकाणी "एवढ्याशा जॉबला सेटिंग कोण लावणार" म्हणून परत पाठवलं होतं. इथं मिस्त्रींनी स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "ताई, टाकीपासनं बाटलीपर्यंत सगळ्याचा फोटो दाखवा."

फोटो बघून दहा सेकंदात म्हणाले, "नोझल कशाला बदलताय, अडवतोय तो पाइप."

मला तेव्हा कळलं नाही. ते म्हणाले पाण्याला पाइप लांब असला काय आखूड असला काय, एवढ्या अंतरात फारसा फरक पडत नाही, पण घट्ट वस्तूला प्रत्येक इंच जड जातो. दीड फुटाचा अर्धा इंची पाइप हा स्वतःच एक मोठा अडथळा, त्याच्या टोकाला १२ चं भोक लावा नाहीतर १६ चं, धार ठरते ती पाइपावर. आधी पाइप काढायचा, नोझल थेट टाकीच्या बुडाला बसवायचं, मग भोकाचा विचार. म्हणजे आम्ही दोन नोझल विकत घेतले ते दोन्ही निरर्थक होते, आणि विकणाऱ्यानं एकदाही टाकी कशी आहे ते विचारलं नव्हतं. याचा मला अजून राग आहे.

मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे: "भोक मोठं करता येतंय, बारीक करता येत नाही. आधी बारीक पाडू, तुमचीच काकवी घालू, घड्याळ लावू, मग वाढवू." म्हणजे कॅटलॉगमधनं साइज निवडायची नाही, पाण्यावर टेस्ट करून द्यायची नाही, आमचा माल, आमचं तापमान, आमच्या टाकीची उंची, यावर भोक ठरवायचं. दुसऱ्या दिवशी मी दहा किलोचा काकवीचा कॅन घेऊन गेले. त्यांनी एक जुनी स्टीलची बादली घेतली, तिच्या बुडाला होल्डर बसवला, आणि तीन बुश तयार ठेवले होते, ८, १० आणि १२ एमएमचे, प्रत्येकाची लांबी २० एमएम. त्या दिवशी काकवी २८ डिग्रीला होती. खाली वजनकाटा, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. ५०० ग्रॅमला ८ च्या भोकानं ७७ सेकंद घेतले, १० च्यानं ३३, आणि १२ च्यानं १६.

मी परत परत बघत होते. ८ वरनं १२ म्हणजे दीडपट. क्षेत्रफळ धरलं तर सव्वादोनपट. आणि वेग जवळजवळ पाचपट! हे डोळ्यासमोर बघितल्यावर मला पहिल्यांदा समजलं की आम्ही इतकी वर्षं कुठं चुकत होतो, आम्ही सगळा हिशोब पाण्यासारखा करत होतो.

घरी येऊन भाच्याला विचारलं, तो मेकॅनिकलला आहे, त्यानं समजावलं. पाण्यासारख्या पातळ वस्तूला भोकाचा व्यास दुप्पट केला की धार साधारण चौपट होते, क्षेत्रफळाच्या हिशोबानं. पण घट्ट वस्तू, जी हळूहळू सरकत जाते, ती लांब नळीतनं जात असेल तर व्यास दुप्पट केल्यावर धार सोळापट होते, म्हणजे व्यासाचा चौथा घात. आणि अगदी पातळ पत्र्यात भोक असेल तर आठपट. आमचे बुश मधले, ना पातळ पत्रा ना लांब नळी, म्हणून आकडे या दोन्हीच्या मध्ये, पण नळीच्या बाजूला जास्त झुकलेले येतात. पहिलं गणित प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८४० च्या आसपास मांडलं, बारीक काचेच्या नळ्यांतनं पाणी सोडून, कारण त्याला शरीरातल्या बारीक नसांमधनं रक्त कसं वाहतं ते समजून घ्यायचं होतं. हागेन नावाच्या जर्मन इंजिनिअरनंही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच शोधलं. डॉक्टरनं रक्तासाठी केलेलं गणित माझ्या काकवीला लागू पडतं हे मला फार आवडलं, खरंच.

मिस्त्रींना हे नाव माहीत नाही, पण गणित हातात आहे. त्यांनी पुढची गोष्ट स्वतःहून केली. १० चाच बुश लेथला लावून लांबी २० वरनं १० एमएम केली, भोक तेच, आणि परत घड्याळ लावलं. ३३ चे १९ सेकंद झाले. मला वाटलं होतं लांबी अर्धी म्हणजे वेळ अर्धा, साडेसोळा येईल. ते म्हणाले, नाही, आत शिरताना पण काकवीला त्रास होतोय, तो लांबी कमी केली तरी राहतो. म्हणजे लांबी हा पण एक हँडल आहे. ज्यांना भोक बारीक ठेवायचंय, धार बारीक हवीये पण वेळ वाचवायचाय, त्यांनी बुश आखूड करून घ्यावा. हे मला कुठल्याच मशीन विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

आता तापमान. इथं मिस्त्री जरा कडक बोलले, आणि बरोबर बोलले. म्हणाले तुम्ही आज २८ ला आणलीत, उद्या सकाळी २० ला असेल तर हाच बुश दुप्पट-अडीचपट वेळ घेईल, मग मला फोन करणार मिस्त्री भोक चुकलं म्हणून. आधी तापमान एक ठरवा. आम्ही २० डिग्रीला घरी करून बघितलं, १० चा २० एमएम लांबीचा जो दुसरा बुश त्यांनी नमुन्याला दिला होता त्याला ३३ च्या जागी ८० सेकंद लागले. भोकात काहीही बदल नाही, फक्त आठ डिग्री. मग टाकीला बाहेरनं पाण्याचं जॅकेट करून घेतलं (ते गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं, इथनं नाही), त्यात कोमट पाणी फिरतं, आणि काकवी ४० वर ठेवतो. ४० ला ती २८ च्या मानानं निम्म्याहून पातळ होते, बाटलीला काही होत नाही, आणि चवीला पण काही होत नाही.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट आता. मी म्हणाले १२ चंच द्या, लवकर भरून होईल. मिस्त्री म्हणाले, बंद कोण करणार? मी म्हणाले बायका, काट्यावर आकडा बघून. मग त्यांनी विचारलं, आकडा बघून हात हलायला किती वेळ लागतो? अर्धा सेकंद तरी जातोच. १२ चा आखूड बुश ४० डिग्रीला लावला तर ५०० ग्रॅम साधारण चार-सव्वाचार सेकंदात पडते, म्हणजे अर्ध्या सेकंदात ६० ग्रॅम जादा. ८ चा १० एमएम लांबीचा लावला तर ५०० ला १९ सेकंद, अर्ध्या सेकंदात १३ ग्रॅम, आणि बाई सवयीनं थोडं आधी बंद करायला शिकली की तेही राहत नाही. म्हणजे भोक किती मोठं हवं हे मशीनच्या वेगावर ठरवायचं नसतं, बंद करणाऱ्या हातावर ठरवायचं असतं. हा विचार मला आयुष्यात सुचला नसता. आम्ही फक्त लवकर लवकर करत होतो आणि प्रत्येक बाटलीत १५-२० ग्रॅम काकवी फुकट देत होतो.

शेवटी असं ठरलं. अडीचशेच्या बाटलीला ७ एमएम, १६ सेकंद लागतात. पाचशेच्या बाटलीला ८ एमएम, १९ सेकंद. पाच किलोच्या कॅनला १२ एमएम, ४३ सेकंद. तिन्ही बुश १० एमएम लांब, बाहेरनं एकाच मापाचे, एकाच होल्डरमध्ये बसतात, वरनं क्लॅम्प आणि सिलिकॉनचं गॅस्केट, दोन मिनिटात बदलून होतं, पान्याची गरज नाही. सगळं एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) मध्ये. बुशवर नंबर पंच करून दिलेत, ७, ८, १२, म्हणजे धुताना मिसळले तरी कळतं. प्रत्येकाचे दोन घेतले कारण आम्ही दोन टाक्यांवर भरतो.

आता बंद करण्याबद्दल. पहिले आमचा व्हॉल्व्ह नोझलच्या वर होता, म्हणजे बंद केला तरी त्याच्या खाली पाइपात जेवढी काकवी असायची ती पडतच राहायची, मिनिटभर दोरी लोंबायची, बाटलीचं तोंड चिकट, लेबल चिकट, मग मुंग्या. मिस्त्रींनी टाकीच्या आतनं खाली येणारा प्लंजर केला, त्याचं टोक टेफ्लॉनचं, ते बुशच्या तोंडावरच बसतं, दांडा वरनं हातानं उचलायचा आणि सोडायचा. उघडा किंवा बंद, मधलं काही नाही. धार किती ते भोक ठरवतं आणि हातानं फक्त सुरू-बंद करायचं, हे वेगळं केलं की अर्धं भांडण मिटतं. आणि बुशचं खालचं तोंड बाहेरच्या बाजूनं तासून धारदार काठ ठेवलाय, कारण काठ जाड सपाट असला की काकवी त्यावर पसरते आणि बाहेरनं वर चढून ओघळते. भोकाच्या काठाला गोलाई दिलेली नाही, बर (भोक पाडताना काठाला राहिलेली धातूची कुसं) मात्र नीट काढलाय. आता बंद केल्यावर एक बारीक तार येते, ती बाटली जरा फिरवली की तुटते. पूर्ण थांबत नाही हे खरं आहे, घट्ट वस्तूची तार निघणारच, पण आधीच्या मानानं काहीच नाही.

टाकीतल्या पातळीचा मुद्दा राहिला. पाण्याच्या टाकीत पाणी निम्मं झालं तर धार कमी होते पण फार नाही, वेळ साधारण ४० टक्के वाढतो. काकवीचं तसं नाही, नोझलपासनं वरची उंची निम्मी झाली की वेळ सरळ दुप्पट. आम्हाला हे सकाळी ११ नंतर दरवेळी जाणवायचं आणि आम्ही समजायचो की काकवी थंड झाली. मिस्त्रींनी सांगितलं टाकीला आतनं दोन खुणा करा आणि पातळी त्या दोन खुणांच्या मध्येच ठेवा, वरच्या मोठ्या टाकीतनं थोडी थोडी सोडत राहा. आम्ही तसंच करतो. एक मुलगी तेवढ्याच कामाला आहे आता, पण वेळ पहिल्या बाटलीपासनं शेवटच्या बाटलीपर्यंत सारखा येतो, १९ चा फार तर २० होतो.

काकवी दर आदणाला (काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसाला) सारखी नसते हे गुऱ्हाळवाल्यांना सांगायला नको, गुळव्यानं थोडी उशिरा उतरवली की घट्ट. त्यावर मिस्त्रींनी जे सुचवलं ते मला वाटतं सगळ्यात कामाचं. रंगाच्या दुकानात, पेंट शॉपमध्ये, एक कप असतो, फोर्ड कप, बी-४ म्हणतात त्याला, बुडाला ४ एमएमचं भोक असलेला. रंग त्यात भरायचा, बोट काढायचं, आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं. त्यावरनं रंग किती घट्ट ते कळतं, पातळ करायचा का नाही ते ठरतं. म्हणजे आमच्याच गोष्टीची उलटी बाजू, आम्ही माल ठरवून भोक शोधतो, ते भोक ठरवून माल मोजतात. काकवीला ४ चं भोक फार बारीक पडतं म्हणून त्यांनी आम्हाला एका स्टीलच्या ग्लासला खाली ८ चं भोक पाडून दिलं, आत तिरकं करून, पैसे न घेता. आता प्रत्येक आदणाची काकवी ४० डिग्रीला आणून या ग्लासात भरतो आणि सेकंद वहीत लिहितो. नेहमीपेक्षा फार जास्त आले तर ते आदण कॅनमध्ये जातं, कमी आले तर परत थोडी आटवतो. डिसेंबरपासनची वही आहे माझ्याकडे, आणि गुळव्या पण आता विचारतो, "काल किती सेकंद आली?"

तक्रारी पण लिहिते, कारण नुसतं गोड लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. एक म्हणजे वेळ. आठ दिवस सांगितले, सतरा लागले. मधे लेथचं काहीतरी बिघडलं होतं, पण फोन करून सांगायला हवं होतं, मी कागलहून दोनदा फुकट आले. फोन तर उचलतच नाहीत, मशीन चालू असली की ऐकू येत नाही म्हणतात, मेसेज पुतण्या बघतो तो संध्याकाळी. दुसरं म्हणजे पहिल्या खेपेला ८ च्या दोन बुशांपैकी एक चुकला होता. आम्ही दोन्ही टाक्यांवर लावले, काकवी एकच, तापमान एकच, पातळी एकच, आणि एकाला १९ तर दुसऱ्याला २२ सेकंद. मला वाटलं टाकीतच काहीतरी फरक आहे, बुश अदलाबदल केले तर २२ त्या बुशासोबत दुसऱ्या टाकीवर गेले. मग घेऊन गेले. मिस्त्रींनी पिन गेज (भोक मोजायची नेमक्या मापाची पिन) घातला, भोक ७.७ निघालं. ड्रिल मारून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारायचा राहून गेला होता. त्यांनी एक शब्द वाद घातला नाही, "चूक आमची" म्हणाले, माझ्यासमोर रीमर मारला, पिन गेज परत घालून दाखवला, आणि जायच्या-यायच्या खर्चाचे म्हणून बिलातनं पैसे कमी केले. घरी लावल्यावर दोन्ही १९.

यातनं पण मला एक शिकायला मिळालं. ०.३ एमएम म्हणजे डोळ्याला दिसत पण नाही, नखाएवढं पण नाही, आणि त्यानं १५ टक्के फरक पडला. ८ च्या भोकात ०.१ ची चूक झाली तरी धारेत साधारण पाच टक्के फरक येतो. म्हणून नुसतं ड्रिल मारून दिलेलं भोक घेऊ नका, रीमर मारायला सांगा, आणि व्हर्निअरनं आतलं माप घेतलं तर त्यावर फार भरवसा ठेवू नका, लहान भोकात त्याचा जबडा नीट बसत नाही. पिन गेज असेल तर पिन गेज, नसेल तर सरळ तुमचा माल आणि घड्याळ. दोन बुश सारखे आहेत का हे घड्याळाइतकं चांगलं कुठलंच हत्यार सांगत नाही.

तिसरी तक्रार छोटी. गल्लीत टेम्पो लावायला जागा नाही, मोठी टाकी घेऊन जायची असेल तर रविवारी सकाळी जा, नाहीतर मेन रोडला लावून हातानं न्यावं लागतं. आणि ड्रॉइंग ते देत नाहीत, सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका खडूनं लिहिलेल्या पाटीवर. मी स्वतःच कागदावर मापं लिहून, फोटो काढून ठेवलेत, तुम्ही पण ठेवा.

पैशांचं विचाराल तर बुश एक ४५० रुपये, असे सहा, होल्डर दोन, प्लंजर दोन, क्लॅम्प आणि गॅस्केट धरून मला एकूण ७,२०० पडले, जीएसटीचं बिल मिळालं. त्या आधी मशीन विकणाऱ्याच्या दोन नोझलवर यापेक्षा थोडेच कमी गेले होते आणि ते दोन्ही अडगळीत पडलेत. आता तीन बायका दुपारपर्यंत जेवढं भरतात तेवढ्याला आधी अख्खा दिवस लागायचा, आणि बाटलीत जादा जाणारी काकवी थांबली. टेबल कोरडं असतं संध्याकाळी. माझ्या सासूबाई, ज्या यंत्राच्या नावानं नाक मुरडतात, त्या परवा स्वतः येऊन प्लंजर उचलून बाटली भरून गेल्या.

काही गोष्टी इथं जाण्याआधी करून ठेवा, तुमचा आणि मिस्त्रींचा दोघांचा वेळ वाचेल. तुमचा माल किमान पाच-दहा किलो सोबत न्या, आणि थर्मामीटर पण, ते त्यांच्याकडे नाही. टाकीत नोझलपासनं पातळी किती उंच असते ते मोजून जा. किती ग्रॅमची बाटली, ती किती सेकंदात हवी, बंद हातानं करणार का पायानं, हे ठरवून जा. तुमच्या मालात कण असतील, दाणे असतील, तर तेही सांगा, आमच्या एका ओळखीच्या मधवाल्यांचा मध थंडीत दाणेदार होतो, त्यांना बारीक भोक चालणारच नाही, आधी कोमट करून दाणे विरघळवावे लागतील. आणि कोणी तुम्हाला फोनवरच "१० चं टाका" म्हणून सांगितलं तर ऐकू नका, तुमची टाकी न बघता, तुमचा माल हातात न घेता ते कुणालाच सांगता येणार नाही. आमच्या गावात दिवाळीला चकल्या-शेव करणाऱ्या बायकांना हे माझ्याआधी माहीत होतं, सोऱ्यात शेवेची बारीक चकती घातली की तेच पीठ दाबायला दोघी लागतात आणि चकलीच्या चकतीला एकटीचा हात पुरतो, आणि पीठ जरा सैल भिजवलं तर शेवेला पण पुरतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क सतरा दिवसांचा आणि न उचललेल्या फोनचा कापलाय, ७.७ च्या बुशाचा नाही, कारण तो त्यांनी माझ्यासमोर सरळ कबूल करून नीट करून दिला.

दुपारी १ ते ३ बंद असतं, सोमवारी पूर्ण बंद. मी पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, ९ चे दोन बुश हवेत, साडेसातशेच्या काचेच्या बाटलीसाठी, या वेळी कॅन आणि थर्मामीटर दोन्ही आधीच गाडीत ठेवलंय.